कंसातली गावं

"चाचा, ही यादी आणली कुठून तुमी?" रंगांच्या शेडकार्डाच्या पाठीवर लिहिलेली सात कॉलेजांची नावं कपिलनं दोनदा वाचली.

"आपल्याच गावातून," इकबाल पेंटर म्हणाला.

ते खरं होतं. पांढरकवड्यातल्या डॉक्टरांचे बोर्ड तीस वर्षं इकबालच रंगवत आला होता. नाव, पदवी आणि पदवीपुढे कंसात ती जिथून आणली ते गाव. नागपूर, मुंबई, सेवाग्राम. मुलीसाठी मेडिकल कॉलेज निवडायचं म्हटल्यावर तो कुणाला विचारायला गेला नाही. सायकलवर गावातून एक चक्कर मारली आणि आपल्याच हातचे कंस उतरवून आणले. क्रमही त्यानंच लावला होता. ज्या डॉक्टरच्या दाराशी चपला जास्त, त्याचं कॉलेज वर. कॉलेजांची मानांकनं पुष्कळदा याहून शास्त्रीय नसतात.

इकबालची मुलगी कशफ बाजूच्या स्टुलावर बसली होती. नीटच्या दुसऱ्या खेपेत तिला सातशे वीसपैकी दोनशे त्रेसष्ट मिळाले होते. पहिल्या खेपेत दोनशे एक्केचाळीस. या वेगानं सरकारी कॉलेज गाठायला तिला आणखी दहा-अकरा वर्षं पुरली असती.

"या सातातलं एकही लागत नाही, चाचा," कपिल म्हणाला. नेट कॅफे चालवून चालवून त्याला कटऑफ पाठ झाले होते. "दोनशे त्रेसष्टले नाही लागत."

"मंग कोन्तं लागते?"

कपिलनं माउस फिरवला. "होमिओपॅथीचे हे दोन. खाजगी हायेत, लांब हायेत. त्याचा फॉर्म वेगळा. फीस तगडी हाय, पण लागते."

"नावासमोर डॉक्टर लागते ना?"

"लागते."

"मंग झालं. डिग्री लहान असली त नाव मोठं काढाचं. धंद्यातली गोष्ट सांगून राह्यलो तुले."

"अन् फीस, अब्बा?" कशफनं विचारलं.

"दुकानाची जागा हाय ना. फ्लेक्सवाला दोन वर्सापासून मांगून राह्यला. इकून टाकतो."

"अन् तुमी कुठं बसान?"

"पेंटरले बसाले जागा कायले लागते? शिडी लागते."

या विनोदावर कपिल एकटाच हसला. असरच्या नमाजाची वेळ झाली होती. इकबाल उठला, पँटवरचा सुकलेला रंग नखानं खरवडून पाहिला. "दोन्ही फॉर्म भरून ठेव रे. सहाले बंद होते म्हनते," असं बजावून तो मशिदीकडे गेला.

तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत कशफ थांबली.

"कपिलभाऊ, अब्बाची यादी भरा. जशी हाय तशी. एक ते सात."

"अन् दुसरा फॉर्म?"

"नका भरू."

"अवं, मंग काहीच लागनार नाही तुले."

"मले मालूम हाय."

मे महिन्यात मैत्रिणीकडे जाते सांगून ती यवतमाळला नर्सिंगची परीक्षा देऊन आली होती. हे तिनं कपिललाही सांगितलं नाही. कपिलनं सातही नावं चाचाच्या क्रमानं भरली, स्पेलिंग तपासलं, लॉक केलं. इतकी निर्दोष आणि इतकी निरुपयोगी यादी त्याच्या हातून आजवर गेली नव्हती.

निकाल लागला त्या दिवशी इकबाल दुकानात टर्पेंटाइनमध्ये ब्रश धूत होता. मागे भिंतीला एक पत्रा टेकवलेला होता. कशफनं अकरावीला सायन्स घेतलं तेव्हाच त्यावर पांढऱ्याचे दोन हात मारून त्यानं डाव्या बाजूला लाल रंगात 'डॉ.' काढून ठेवलं होतं. पुढची जागा मोकळी होती.

"लागलं?"

"नाही."

"त्या दोनातलंही नाही?"

कशफ पत्र्याकडे पाहत होती. "तो फॉर्म भरलाच नाही, अब्बा. मीच नाही म्हटलं."

"मालूम हाय. मशिदीतून येताना कपिलनं सांगतलं मले." ब्रश स्वच्छ झाला होता, तरी तो धूत राहिला. "सहा वाजाले अर्धा घंटा बाकी होता तवा."

कशफ म्हणाली, "यवतमाळले नर्सिंगचं होऊन जाते माह्यं. सरकारी हाय."

इकबालनं मान हलवली. "नर्सच्या नावाचा बोर्ड असते का?"

"ड्यूटीच्या फळ्यावर असते. खडूनं लिवते. रोज पुसते."

"मंग अक्षर चांगलं ठेवजो," इकबाल म्हणाला.

दिवाळीच्या आधी एक तरुण डॉक्टर घाईत आला. परवा दवाखान्याचं उद्घाटन, फ्लेक्स नको, पत्र्याचाच बोर्ड हवा, आणि आजच हवा. आज म्हटलं की तयार पत्रा दुकानात एकच होता. इकबालनं तो उचलून फडक्यानं पुसला, दोरा धरून आखणी केली आणि 'डॉ.'च्या पुढून काढायला घेतलं. नाव मोठं काढलं, पदवी लहान. कंसात लांबचं एक गाव आलं, जे त्याला कपिलनं दाखवलेल्या त्या दोन कॉलेजांमुळे अगदी परवा-परवा माहीत झालं होतं.

डॉक्टरनं आधी नावाला बोट लावलं. बोट ओलं झालं. मग 'डॉ.'ला लावलं.

"हे वाळलंसुद्धा?"

"ते पक्कं हाय, साहेब," इकबाल म्हणाला. "तीन वर्सापासून वाळून राह्यलं ते."