पाठीवरची तारीख

मी बिल्ला बोलतोय. शर्यत जिंकणाऱ्याच्या छातीवर मिरवतो तसला नव्हे. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरातला, प्लास्टिकमध्ये बंद केलेला साधा कामाचा बिल्ला. माझ्यावर दोनशे सात हा आकडा आहे आणि एका बाईचा फोटो.

इस्पितळाच्या कार्यालयातल्या खडखडणाऱ्या यंत्रातून मी गरमागरम बाहेर पडलो, तेव्हा ती समोर हात पुसत उभी होती. फोटो काढणारा "हलू नका" म्हणाला आणि तिनं श्वासच रोखून धरला. म्हणून फोटोत ती रागावल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात तिच्याइतकं सोशिक माणूस त्या धुलाईघरात दुसरं नव्हतं. नवरा वारलेला, लेक वर्षाची, आणि नोकरीबरोबर इस्पितळामागच्या चाळीत एक खोली मिळणार होती. खोलीची किल्ली आणि मी, दोघं एकाच दिवशी तिच्या हातात पडलो.

सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून मोठेसुद्धा. एकोणीस वर्षं मी तिच्या गळ्यात लोंबत होतो. वॉर्डांमधून गाठोडी यायची, ती पिंपात उकळायची, मग वाफेच्या इस्त्रीवर दोघीजणी दोन टोकं धरून चादर सरकवायच्या. चादर दमट राहिली असेल तर ताईला नुसत्या तळहाताला कळायचं. "ओल्या चादरीनं निजलेल्या माणसाची पाठ सोलवटते," असं म्हणून ती चादर परत टाकायची. नवीन बायका कुरकुरायच्या, पण पुन्हा इस्त्री करायच्या.

धुलाईघराचे व्यवस्थापक फार ताठ. लोक त्यांना पाठीमागे खळसाहेब म्हणत. मुकादम आजारी पडले तेव्हा दोन वर्षं त्यांचं काम ताईनंच ओढलं. ते निवृत्त झाल्यावर जागा आपल्याला मिळेल असं तिला वाटलं, आणि त्यात तिचं चुकलं असं कुणीच म्हणणार नाही. जागा मिळाली साहेबांच्या मर्जीतल्या एका माणसाला. त्याची नोकरी जेमतेम सहा वर्षांची. ताईनं कारण विचारलं, तेव्हा साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईमाणसाचं तिथं ऐकणार कोण?"

त्याच आठवड्यात तिनं वकील गाठला.

वकील भला माणूस होता. झेरॉक्सच्या दुकानावर त्याची अरुंद कचेरी. बाई म्हणून बढती डावलली, असा दावा त्यानं दाखल केला. दाव्याची नोटीस खळसाहेबांच्या टेबलावर पोचली आणि महिन्याच्या आत ताईला इस्त्रीवरून उठवून मळके कपडे निवडायच्या कोंदट खोलीत एकटीला बसवलं. रक्तामांसानं भरलेल्या त्या कपड्यांत कधी सुयाही राहून गेलेल्या असत. बायकांना तिच्याशी बोलायची चोरी झाली. मग लेखी ताकिदी सुरू झाल्या. दोन मिनिटं उशीर झाला म्हणून एक, गाठोडं मोजताना चूक झाली म्हणून दुसरी. आगीतून उठून फुफाट्यात पडावं तशी तिची गत झाली.

आणि एका सकाळी फाटकावरच्या रखवालदारानं तिला अडवलं. त्याची मान खाली होती. "ताई, आत सोडू नका असं वरून आलंय."

त्यानं मला तिच्या गळ्यातून काढून आत नेलं. कारकुनानं मला पालथा पाडून माझ्या पाठीवर निळा शिक्का मारला: रद्द. खाली त्या दिवसाची तारीख. मला तिथंच जमा करून घ्यायचं होतं, पण रखवालदार मला घेऊन तसाच बाहेर आला, इकडं तिकडं बघितलं आणि मला तिच्या मुठीत दाबलं. पुरावा म्हणून ठेवा, म्हणाला. साक्षीला बोलावलं तर मी येईन.

ती चालतच वकिलाकडे गेली. बढतीच्या दाव्यातले साक्षीपुरावे तेव्हा संपले होते, फक्त शेवटचे युक्तिवाद व्हायचे होते. बडतर्फीचं गाऱ्हाणंही ह्याच दाव्यात घालायचं का, असं तिनं विचारलं. वकील म्हणाला, घालता येईल, दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागेल. पण मग पुन्हा साक्षी, पुन्हा तारखा, निकाल वर्ष-दीड वर्ष लांबेल. त्यापेक्षा हा निकाल पदरात पाडून घेऊ, बडतर्फीचा दावा मागाहून वेगळा लावू. लेक तोवर कॉलेजात जात होती. ती म्हणाली, "आई, आत्ताच घाल. एकाच माणसानं केलंय ना सगळं?"

ताई फार थकली होती. "हे एकदाचं संपू दे गं," एवढंच ती म्हणाली.

मी तिच्या मुठीत होतो.

ते सात महिन्यांनी संपलं. बढती कुणाला द्यायची हा व्यवस्थापनाचा अधिकार, आणि बाई म्हणून डावललं हे शाबीत झालं नाही, असा निकाल लागला. ताई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी उठून तिनं मला पुसलं आणि वकिलाच्या हाती दिलं. कोर्टात गेल्याच्या आकसापोटी कामावरून काढलं, असा दुसरा दावा लागला. त्यात मी पुरावा म्हणून नोंदवला गेलो. आता आपलं खरं ठरणार, अशी तिला आशा होती. मलाही होती. रखवालदार इस्त्रीचा सदरा घालून साक्षीला आला होता.

त्याला कुणी हाकच मारली नाही.

इस्पितळाच्या वकिलानं आकस होता की नव्हता ह्यावर चकार शब्द काढला नाही. त्यानं फक्त मला मागून घेतलं आणि उलटं करून न्यायाधीशांपुढं धरलं. म्हणाला, बडतर्फीची तारीख ही, आणि पहिल्या दाव्याचा निकाल त्यानंतर सात महिन्यांनी. मालक तोच, साहेब तेच, भांडणही एकातूनच दुसरं निघालेलं. हे गाऱ्हाणं तेव्हाच मांडता आलं असतं. मांडलं नाही, आता दार बंद.

न्यायाधीश काही दुष्ट नव्हते. त्यांनी मला बराच वेळ हातात धरलं, तारखेवरून बोटही फिरवलं. मग सावकाश समजावून सांगितलं, की एकाच भांडणासाठी कुणाला पुन्हा पुन्हा कोर्टात ओढता येत नाही. आणि पहिल्या दाव्यात जे सांगता येत होतं पण सांगितलं नाही, तेही निकालात निघालं असंच धरतात. ह्याला पूर्वन्याय म्हणतात. दावा फेटाळला.

ज्या तारखेच्या जोरावर ती जिंकणार होती, त्याच तारखेनं तिला हरवलं, आणि ती तारीख माझ्याच पाठीवर होती. मी काय करू शकत होतो?

न्यायाधीश उठून गेले. फायली गोळा करणारा अजून यायचा होता. मी टेबलावर तसाच पालथा पडलो होतो. ताईनं वकिलाला विचारलं, "म्हणजे त्यांनी मला काढलं ते बरोबर ठरलं?"

"नाही ताई. बरोबर की चूक, ते कुणी बघितलंच नाही."

ती बाकावर बसली. मग त्यानं मान वर न करता सांगितलं, "चूक माझी आहे. शिक्षा मात्र तुमच्या नावावर लागली." तिनं त्याला दोष दिला नाही. संपू दे असं मीच म्हणाले होते, म्हणाली. आणि मग एकोणीस वर्षांत मी कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. माणसं ये-जा करत असताना ती तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली. लेक तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्यानंतर मी कोर्टाच्या तळघरात पडून होतो. काल अपिलाची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना ताई, लेक आणि वकील अशी तिघं फाईल बघायला आली. त्यांच्या बोलण्यातून कळलं, की खोली सोडावी लागली. मायलेकी एका नातेवाइकाच्या जिन्याखाली राहतात. ताई एका लॉजमध्ये चादरींच्या घड्या घालते, बोलावतील त्या दिवशी. वकिलानं अपील फुकट लिहिलं होतं. आपल्याच चुकीच्या सल्ल्यामुळं ह्या बाईनं तेव्हा तोंड उघडलं नाही, असं त्यानं त्यात शपथेवर मांडलं होतं. लेकीनं विचारलं, ह्याचा उपयोग होईल? तो म्हणाला, बहुधा नाही. माझं नाव खराब होईल, एवढं नक्की.

ताईनं सही केली.

तुमच्यापैकी कुणी कोर्टाची पायरी चढला असाल आणि चढल्यावर मालकानं डूख धरला, तर थकू नका. पुढचा अन्याय पुढच्या दाव्यासाठी राखून ठेवू नका. चालू दाव्यातच, घडलं त्याच आठवड्यात लिहून द्या. निकाल लांबला तर लांबू दे.

फाईल वरच्या कोर्टात पाठवायला शिपाई आलाय. माझ्यासकट कागदांची चळत सरळ करून तो तिच्याभोवती दोरी गुंडाळतोय. वरच्या कोर्टात फायली कधी उघडतात, उघडतात तरी का, कोण जाणे. म्हणून माझ्यापाशी होतं नव्हतं ते सगळं आत्ताच सांगून टाकलं.