बिननंबराचं घर

केळीला पाणी वळवायचं अर्ध्यावर टाकून मार्था हातातल्या कुदळीसकट वाटेवर आली, कारण आगाशीच्या त्या अख्ख्या आळीत फक्त तिच्याच झोपडीवर गेरूचा नंबर नव्हता. शिरगणतीची घरयादी करणारे हिलरी मास्तर सकाळपासून दारोदार नंबर टाकत फिरत होते. वाडीचे मालक ॲन्सेल्मबाबा, त्यांच्या घराला एकेचाळीस पडला. पलीकडच्या घराला बेचाळीस. मधली झोपडी काय मास्तरांनी गिळली? अकरा वर्षं ती आणि तिचा नवरा ऑगस्टीन तिथे राहून बाबांच्या वाडीत राबत होते. दोन्ही पोरं तिथेच जन्मली.

मास्तर बाबांच्या ओट्यावर चहा पीत बसले होते. वही मांडीवर.

"मास्तर, आमचा नंबर रायला," मार्था म्हणाली.

मास्तरांनी आधी बाबांकडे पाहिलं. "राहिला नाही गं. एकेचाळिसातच धरलाय. गोठा म्हणून."

"गोठा?"

"बाबांनी सांगितलं तसं लिहिलं. आता शाईनं लिहिलंय, खोडता येत नाही."

ॲन्सेल्मबाबा बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिले. मार्थाच्या अंगाची लाही लाही झाली. बाबांच्या पोटातलं तिला नेमकं कळत होतं. आज सरकारी कागदावर यांचं घर लागलं, तर उद्या वाडी विकताना यांना हुसकायचं कसं? म्हणून चार माणसांची गुरं करून टाकली, तीही एका कप चहात! आणि हे शिकलेसवरलेले मास्तर, पन्नास पावलं चालून बघायचे कष्टसुद्धा त्यांना झाले नाहीत.

"मग गुरं किती लिवली?" तिनं विचारलं.

"यात गुरं मोजत नाहीत."

म्हणजे माणसांत नाही आणि गुरांतही नाही. मार्थानं पदर खोचला.

"मास्तर, ईस्टर झाल्यावर फादर घरांना आशीर्वाद देत आले, तवा पवित्र पान्याचं भांडं कोनाच्या हातात होतं?"

मास्तरांचा कप ओठांशीच थांबला. भांडं त्यांच्याच हातात होतं. झोपडीत शिरताना दाराच्या वाशावर त्यांचं डोकं आपटलं होतं आणि टेंगळावर ओली पट्टी मार्थानंच धरली होती.

"फादरनी गोठ्याला आशीर्वाद दिला? आन तुमी गोठ्यात गुडघे टेकून प्रार्थना म्हटली? सांगा की!"

मास्तरांनी कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि गेरूचा डबा उचलून मुकाट्यानं तिच्यामागून निघाले.

झोपडीचं दार झावळ्यांचं. त्यावर गेरू धरेना. मार्थानं आतून मसाला वाटायचा दगडी पाटा ओढत आणला आणि दाराशी उभा केला. मास्तरांनी त्यावर 'एकेचाळीस अ' काढलं. मग उंबऱ्यात बसून वहीत नवी ओळ धरली. कुटुंबप्रमुख ऑगस्टीन. वापर, राहण्यासाठी. माणसं चार.

तेवढ्यात ॲन्सेल्मबाबा धापा टाकत आले.

"हिलरी, हे काय चाललंय? खोड ते आधी!"

मास्तरांनी मान वर केली नाही. मार्था पाट्यापुढे उभी राहिली. कुदळ पुन्हा तिच्या हातात होती.

"शाईनं लिवलंय, बाबा," ती म्हणाली. "खोडता येत नाय."