अकरावी खाच

माझ्या अंगावर, जमिनीपासून अडीच हात उंचीवर, अकरा खाचा आहेत. पहिल्या दहांमध्ये ज्वारीचे दोन-दोन दाणे एकावर एक मावतात. अकरावीत एकच दाणा कसाबसा राहतो, तोही वारा आला की पडतो.

मित्रांनो, मी एक जुनी बाभळीची मेढ आहे, म्हणजे छपराखालचा खांब. पेडगावात मन्मथअप्पांच्या गोठ्याचं आढं मी पेलते.

माझा जन्म ओढ्याकाठचा. बन्सीधर सुताराने मला तोडलं तेव्हा माझ्या बुंध्यात तेवीस कडी मोजता आली. कीड लागू नये म्हणून त्याने मला दोन महिने डोहात बुडवून ठेवलं, मग साल काढली आणि वरचं दोन फांद्यांचं बेळकं तसंच राखून गोठ्यात उभं केलं. बैलांनी पाठ घासून घासून माझा खालचा भाग गुळगुळीत केला. अप्पा पाहुण्यांना सांगत, "घर हललं तरी ही मेढ हलायची न्हाई." ते ऐकून मला फार बरं वाटे.

माझ्याकडे आणखी एक काम होतं. आमच्याकडे सालगडी पाडव्याला कामावर राहतो आणि पुढच्या पाडव्याला मोकळा होतो. सणांचे चार दिवस सोडले तर ज्या दिवशी तो कामावर नसेल तो दिवस खाडा. जितके खाडे, तितके दिवस पाडव्यानंतर फुकट राबून भरायचे, मगच घरचा रस्ता धरायचा. अप्पा खाडे कागदावर लिहीत नसत. गड्यानेच आपल्या विळ्याने माझ्यावर खाच पाडायची. साल संपलं की बन्सीधर वाकसाने ती जागा तासून कोरी करी. त्यामुळे तिथे मी दरवर्षी थोडी बारीक होत गेले. आता तिथला माझा घेर दोन बोटांनी कमी आहे.

निजामाच्या राज्यातलं फसली तेराशे बावन्न, म्हणजे इसवी एकोणीसशे त्रेचाळीस; त्या पाडव्याला बिरू आला. तो राणीसावरगावचा धनगर. घरी फक्त आई, केवळाबाई. तिला दिसत नसे. निघताना त्याने तिला शब्द दिला होता की पुढच्या पाडव्याला येतो. बैलांना वैरण टाकताना तो हे त्यांनाही सांगे, म्हणून मला माहीत.

पहिल्या दोन खाचा तापाच्या. त्यानंतर श्रावणात एक गोष्ट घडली. कडूबाई नावाच्या विधवेचं रान गावात वजन असलेल्या दिनकररावांच्या रानाला लागून होतं. दिनकररावांची माणसं बांधाचे दगड तिच्या रानात सरकवत होती, ते बैल चारणाऱ्या बिरूने पाहिलं. कडूबाईने परभणीच्या कचेरीत दावा केला. कुणी पाहिलं, असं विचारल्यावर सगळं गाव गप्प राहिलं. बिरू म्हणाला, "म्या पाह्यलं." मग साक्षीसाठी त्याच्या नावाने समन आलं.

पहिल्या पेशीला, म्हणजे सुनावणीच्या तारखेला, तो पहाटे चालत गेला आणि दिवेलागणीला परतला. अप्पांच्या पत्नी सिद्धम्मा धार काढत होत्या. त्यांनी विचारलं, "झाली का रे गवाही?"

"कुटली, आक्का! मुन्सफसाहेब रजेवर हायत."

"मंग?"

"मंग काय, तारीख पडली. त्येंच्या रजेचा पगार चालू ऱ्हातो म्हनं. आन् माजा मातर खाडा!"

दोघंही हसली. हसत हसतच बिरूने विळा काढून माझ्यावर खाच पाडली. ती तिसरी.

पुढे कधी वकील आजारी पडे, कधी कागद सापडत नसे. चौथी, पाचवी, सहावी. सातव्या खाचेच्या वेळी दिनकरराव गोठ्याच्या दारात उभे राहून म्हणाले, "काय रे बिरू, कचेरीतच बिऱ्हाड कर की! बैल मन्मथअप्पाचे आन् चाकरी कडूबाईची!" मग अप्पांकडे वळून म्हणाले, "अप्पा, तुमी ह्याला सूट दिली तर उद्या गावातला एकेक गडी गवाहीदार व्हईल, बगा."

त्या संध्याकाळी बिरूने विचारलं, "अप्पा, सरकारनं बलावलं म्हून जातो. ते दिस खाड्यात धरू नका. पाडव्याला माय वाट बगायलीय."

अप्पांनी कपाळावरच्या विभूतीला बोट लावलं. "पाहू," ते म्हणाले.

अप्पा वाईट नव्हते. त्यांना दिनकररावांशी वाकडं घ्यायचं नव्हतं आणि बिरूला नाहीही म्हणवत नव्हतं. सिद्धम्मांनी चार वेळा आठवण केली. चारही वेळा "पाहू"च ऐकू आलं. खाचा दहा झाल्या.

फाल्गुनात बिरूच्या गावाकडून आश्रुबा मेंढरं घेऊन आला. "बिरू, म्हातारी लय थकलीय. तुजंच नाव घ्यायलीय. आजच चल."

"उद्या पेशी हाय. म्या न्हाई गेलो तर त्या बाईचं रान जातंय." बिरूने बैलापुढे वैरण टाकली. "परवा निगतो."

दुसऱ्या दिवशी त्याची साक्ष झाली. तो परतला तेव्हा थकला होता, पण चेहरा मोकळा होता. विळा काढून त्याने अकरावी खाच पाडायला घेतली. एक घाव बसला आणि दुसऱ्यासाठी हात उचलला, तेवढ्यात गावाकडून दुसरा माणूस आला. त्याने नुसतं डोक्याचं पागोटं काढलं. बिरूच्या हातून विळा माझ्या पायाशी पडला.

तो दहा दिवस गावी राहिला. त्या दिवसांच्या खाचा पडल्या नाहीत. दुखवट्याचा खाडा आमच्या गावात धरत नाहीत. आई गेल्यावर जायला सूट होती. ती असताना जायला नव्हती.

आता या गोष्टीला चार वर्षं झाली. रान कडूबाईकडेच राहिलं. माझ्या पायाला वाळवी लागली आहे आणि कुणी फारसं बघत नाही. तरी एक मागणं आहे, मित्रांनो. जुन्या लाकडावर खाचा दिसल्या तर त्या घाईने तासू नका. आणि कुणाला "पाहू" म्हणालात, तर कधीपर्यंत पाहणार तेही सांगून टाका. ऐकणाऱ्याचे दिवस मोजलेले असू शकतात.

त्या पाडव्याचं तेवढं सांगायचं राहिलं. गुढी उभारून झाली होती. दिनकरराव आणि शेजारचे चौघे ओसरीवर कडुलिंबाची चटणी खात बसले होते. बन्सीधर वाकस घेऊन माझ्यासमोर आला. बिरू म्हणाला, "आक्का, उद्यापासून अकरा दिस भरून देतो."

"आन् मंग?" सिद्धम्मांनी विचारलं.

"मंग कुटं? मोकळा होऊन आता कुनाकडं जाऊ?"

अप्पा ओसरीवरून उठले. गोठ्यात येऊन त्यांनी अकराव्या खाचेत बोट ठेवलं आणि ते तसंच राहू दिलं. बन्सीधरचा उचललेला हात त्यांनी धरला. मग ओसरीकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "ऐका समदे. गवाहीला गेलेला दिस खाडा न्हाई. तापाचे दोन बी म्या सोडले. बिरू, तू आजपासून मोकळा हाईस."