धाकटीचा दिवा

यंत्र खोटं बोलत नाही, हे मी गेली सतरा वर्षं सगळ्यांना ठणकावून सांगत आलेय. वेधशाळेत ताऱ्यांच्या प्रकाशातल्या रेषा मोजणारी यंत्रं दुरुस्त करते मी. परवा असंच एक घरी आणलं आणि जुळवायला म्हणून बोळाच्या टोकाला असलेल्या बाबांच्या खोलीकडे रोखलं. बाबा भिंगं घासतात. काचेतला दोष पाहायला त्यांच्या टेबलावर सोडियमचा पिवळा दिवा असतो. त्याच्या दोन रेषा कुठे पडायला हव्यात, हे मी झोपेतही सांगेन.

त्या तांबड्याकडे सरकल्या होत्या.

केसभरच. पण तेवढं सरकणं म्हणजे दिवा माझ्यापासून सेकंदाला पन्नास किलोमीटर लांब पळतोय. तारा असता तर वहीत लिहून मोकळी झाले असते. इथे तर म्हातारा खुर्चीत ढिम्म बसून काच पुसत होता!

माझ्या टेबलावर तपासणीचा निऑन दिवा आहे. त्याच्या रेषा पाहिल्या, बरोब्बर जागेवर. म्हणजे यंत्र ठीक, मीही ठीक. दुसऱ्या दिवशी बाबांच्या रेषा दुप्पट सरकल्या, तिसऱ्या दिवशी चौपट. बाबा चाललेत, असंच वाटलं मला.

आई गेली तेव्हा मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं, "तुम्ही डॉक्टरला उशिरा बोलावलंत." तेव्हापासून आठ महिने एकाच छपराखाली अबोला. ते जायच्या आत मला माफी मागायची होती, पण पाय उचलेल तर शपथ.

संध्याकाळी ताई आली. तिला म्हटलं, "हे यंत्र बाबांच्या टेबलावर ठेव आणि त्यांना बघायला सांग."

"कमाल आहे बाई तुमची दोघांची," असं करवादत तिनं ते नेलं.

थोड्या वेळानं बाबांचा आवाज आला, नेहमीपेक्षा जाड, खोल. "माझा दिवा जागेवर आहे. खिडकीबाहेरचा, रस्त्यावरचाही जागेवर." मग यंत्र बोळाकडे वळवल्याची करकर. "धाकटीचा तेवढा सरकलाय गं. खूपच."

मी कपाळावर हात मारून घेतला. निऑनचा दिवा माझ्याच टेबलावर, माझ्याच वेगानं चाललेला. मला त्याच्या रेषा सरकलेल्या दिसतीलच कशा? याच चुकीसाठी मी लोकांना झापत आलेय.

मी धावले. बोळ बारा पावलांचा. तीस झाली, साठ झाली. दार समोर दिसत होतं, तांबूस होत चाललेलं. "बाबा, चुकलं माझं! ऐकताय ना?" मी जीव तोडून ओरडले.

बाबांनी हातातली काच खाली ठेवली. "मोठे, धाकटीनं हाक मारली का गं?" त्यांचं बोलणं आता जेमतेम कानावर येत होतं.

ताईनं बोळाकडे, सरळ माझ्याकडे पाहिलं.

"नाही बाबा. तुम्हीच मारा ना. किती दिवस वाट बघत बसणार तिची?"

बाबा उठून दारात आले. त्यांचे ओठ हलताना मला दिसले. हाक ऐकू आली नाही.