तांब्याचा वायसर

…एका अंगाने गुळगुळीत, दुसऱ्या अंगाला नखाला लागेल न लागेल अशी रेघ. किसनने खिशातल्या खिशात वायसर फिरवला आणि अंगठ्याला ती रेघ सापडली. सापडणारच, जाते कुठे! अंगठ्याच्या नखाएवढी तांब्याची चकती, मध्ये भोक. पाच महिने ती त्याच्या खिशात होती. पाकीट घरी राहायचं, गाळ्याच्या किल्ल्या राहायच्या, पण पँट बदलताना हा वायसर या खिशातून त्या खिशात टाकायला तो कधी विसरला नाही. एकदा सगुणाच्या हाती लागला होता. "यो काय हाय? कोन्या बाबानं दिला काय?" तिने विचारलं, आणि तो हसून म्हणाला, "गाडीचा हाय, दे इकडं." मग दिवसभर त्याला वाटत राहिलं की बायको तशी फारशी चुकली नव्हती. माणसं ताईत बांधतात ते रक्षण व्हावं म्हणून. हा त्याने बाळगला होता तो… कशासाठी? फेकवत नव्हता, एवढंच.

गाळ्यात समोर ती उभी होती, पांढरी सेलिका. सुधीर साहेब नागोयाच्या कारखान्यात सहा वर्षं काढून परत आले तेव्हा सामानाबरोबर ही गाडी घेऊन आले होते. बोटीतून उतरलेली ती गाडी सगळ्यात आधी रबाळ्याला किसनच्या दारात आली, आणि त्या दिवशी आजूबाजूच्या गाळ्यांतली लेथवरची माणसंसुद्धा हात पुसत बघायला आली होती. आता तिची डावी बाजू नवी होती. दार नवं, मडगार्ड ठोकून सरळ केलेलं, रंग जुळवता जुळवता किसनचे तीन आठवडे गेले होते. उन्हात नीट पाहिलं तर नवा पांढरा जुन्या पांढऱ्याहून किंचित वेगळा दिसायचा, पण तो फक्त त्याला. इतरांना काय दिसतंय! इतरांना हवं ते तो दाखवत आला होता.

अकरा वाजता साहेब येणार होते. आणि बरोबर वहिनी — स्मितावहिनी, अपघातानंतर पहिल्यांदाच. फोनवर साहेब म्हणाले होते, "तिलाच यायचंय. गाडी बघायचीय म्हणते." तेव्हापासून किसनचं बोट खिशातून निघत नव्हतं.

तांब्याचं एक आहे — दाबलं की ते निबर होतं. चाकाजवळ जिथे ब्रेकची नळी बोल्टने बसते, तिथे नळीच्या तोंडाखाली एक आणि वर एक असे दोन वायसर असतात. बोल्ट आवळला की ते दबतात, बसतात, आणि ऑइलचा थेंब बाहेर येऊ देत नाहीत. पण बोल्ट एकदा उघडला की तोच वायसर पुन्हा तसा बसत नाही. जपानात म्हणे प्रत्येक वेळी नवे घालतात. घालतील बापडे, त्यांच्या कोपऱ्यावर दुकान असेल! इथे त्या मापाचा वायसर कुठून आणायचा? म्हणून किसन जुने घरी न्यायचा, शिरवण्याला, आणि सगुणाच्या गॅसवर चिमट्यात धरून लालबुंद करायचा, मग चर्रकन पाण्यात. तांबं पुन्हा मऊ, नव्यासारखं. गाळ्यातल्या वेल्डिंगच्या टॉर्चने हे होत नाही, पातळ कडा जळून जाते. घरच्या निळ्या ज्योतीवरच हवं. सगुणा कुरकुरायची, "माज्या भाकरीच्या गॅसवर तुमची वायसरं," पण स्वतःच पाण्याची वाटी पुढे करायची. सुधीर साहेबांना या गोष्टीचं भारी कौतुक. येईल त्या दोस्ताला सांगायचे — आमचा किसन बघा, वायसरसुद्धा हाताने शिजवतो.

त्या आठवड्यात सिलिंडर संपला होता. नंबर लावून चार दिवस झाले होते आणि सगुणा स्टोव्हवर रांधत होती, पिवळ्या, काजळी धरणाऱ्या ज्योतीवर… हे तो स्वतःला किती वेळा सांगून बसला होता! सिलिंडर नव्हता. पण दोन घरं सोडून वेणूबाईकडे होता की. मागायला पाच मिनिटं लागली असती. खरं ते हे नव्हतंच. खरं हे होतं की त्या आठवड्यात त्याचं सगळं चित्त टर्बोत होतं, इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या चक्रीत. साहेबांना गाडी आणखी पळायला हवी होती आणि त्यांच्यापेक्षा दुप्पट ती त्यालाच हवी होती. दाब वाढवायची चावी त्याने स्वतः लेथवर काढून घेतली होती, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर तिसऱ्या गिअरला जेव्हा टर्बो शीळ घालून पाठीला सीटमध्ये दाबू लागला तेव्हा तो एकटाच गाडीत ओरडला होता. लहान पोरासारखा. पळण्यावर त्याने चार दिवस घालवले. मग आठवलं की साहेबांनी पुढचे ब्रेकही उघडायला सांगितलेत, आणि थांबण्यावर अर्धा तास घालवला. जुना वायसर पुसला, तसाच लावला, बोल्ट जरा जास्त आवळला. एका वेळेने काय होतंय…

तीन आठवडे काही झालंही नाही. मग एका रविवारी दुपारी तुर्भ्याच्या वळणाला एक ट्रक बंद पडून उभा होता, आणि साहेबांनी ब्रेक दाबला.

कपाळाला पट्टी बांधलेले साहेब दुसऱ्या दिवशी गाळ्यात आले होते. वहिनी तेव्हा ऑपरेशनला होत्या, डाव्या पायात सळई घालत होते. "किसन," ते म्हणाले, "मला वाटतं पेडल खाली गेलं. मी दाबला रे, पण ते खालीच गेलं. तू बघ जरा." ते गेल्यावर किसनने डावं चाक काढलं. आत सगळं ओलं होतं, कॅलिपरवर, ब्रेकच्या पकडीवर, धूळ ऑइलात कालवून बसलेली. त्याने बोल्ट सोडला, वायसर हातात आला, आणि बोटाला ती रेघ लागली. ऑइल तिथूनच झिरपलं होतं.

तेव्हाच सांगायचं. उद्या सांगू म्हटलं. उद्या साहेबांचा फोन आला आणि त्याच्या तोंडून चार शब्द निघाले — "ब्रेक ठीक होते साहेब." पोलिसाला भ्यालो म्हणावं तर पोलीस त्याच्याकडे फिरकलाही नव्हता. भ्याला तो आपलं नाव जाईल म्हणून. खाडीपलीकडून, पार बांद्र्याहून लोक गाड्या घेऊन यायचे, जपानी गाडी म्हणजे रबाळ्याचा किसन, असं म्हणत. मिठागरात राबणाऱ्याच्या पोराला एवढं नाव… ते चार शब्दांत वाचलं. आणि पलीकडच्या माणसाने ते चार शब्द जसेच्या तसे मानले. "म्हणजे माझाच पाय चुकला," साहेब म्हणाले होते.

रिक्षा थांबल्याचा आवाज आला. साहेब आता रिक्षाने फिरत. स्टिअरिंगला हात लावला नव्हता त्यांनी. वहिनी काठी टेकत उतरल्या. साहेबांनी दिलेला हात त्यांनी धरला, पण भार काठीवरच टाकला. तिसऱ्या मजल्यावरून या उतरल्या कशा, त्या इमारतीला तर लिफ्ट नाही, असं किसनच्या मनात आलं आणि त्याने घाईघाईने स्टूल पुसलं.

"बसा वहिनी. चहा सांगू?"

"नको किसनभाऊ. बसते नुसती." त्यांनी गाडीकडे एकदा पाहिलं, नव्या दारावरून नजर फिरवली आणि मग त्याच्याकडेच बघत राहिल्या. त्यांच्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, निदान मान खाली घालता आली असती.

साहेबांनी खिशातून एक पाकीट काढलं. जपानी तिकिटं लावलेलं, जाडसर. "तुला गंमत आणलीय. नागोयातल्या मित्राला लिहिलं होतं, हॉस्पिटलात बसल्या बसल्या." पाकिटातून त्यांनी प्लॅस्टिकची छोटी पिशवी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. आत तांब्याचे बारा वायसर. कोरे, गुलाबी, एकसारखे. "आता गॅसवर शिजवत बसायला नको. सगुणावहिनींचा सिलिंडर वाचेल! आवडले?"

किसन हो म्हणाला असावा. एका हातात बारा नवे आणि दुसरा हात खिशात जुन्यावर… हा माणूस हॉस्पिटलच्या बाकावर बसून, बायकोच्या पायात सळई असताना, आपल्यासाठी पत्र लिहितो. वायसरचंच! जगात लिहायला दुसरं काही सापडलं नाही याला? त्याला साहेबांचा रागच आला, आणि मग त्या रागाची इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या.

"घाल की आत्ताच," साहेब म्हणाले. "मीही बघतो."

नको म्हणायला कारण नव्हतं. अंकुश, त्याचा जोडीदार, आज रजेवर होता, आणि ब्रेकची लाइन उघडली की आतली हवा काढायला आत बसून पेडल मारणारा कोणीतरी लागतो. "मी बसतो," साहेब म्हणाले. दार उघडून क्षणभर ते तसेच उभे राहिले. मग बसले. पाच महिन्यांनी बसले. वहिनींच्या काठीचं टोक जमिनीवर जरा सरकलं.

किसनने पुढचं डावं चाक काढलं, बोल्ट उघडला, नवे वायसर बसवले. मऊ होते, अलगद दबले. मग हवा काढायच्या निपलला नळी लावून त्याने हाक दिली, "दाबा साहेब."

पेडल खाली गेलं. आत हवा असली की ते जाणारच, सरळ तळापर्यंत, कशालाच न अडता. पण साहेबांनी पाय उचलला नाही. किसनने चाकाच्या पोकळीतून मान वर करून पाहिलं. साहेब समोर बघत होते. समोर गाळ्याची भिंत होती, आणि ते भिंतीकडे बघत नव्हते.

"किसन…"

"हवा हाय आत," तो घाईने म्हणाला. साहेबांशी बोलताना त्याच्या तोंडून कधी हाय निघत नसे. "होतं असं. सोडा. पुन्हा दाबा."

दाबा, धरून ठेवा, सोडा. दाबा, धरून ठेवा, सोडा. नळीतून बुडबुडे आले, मग बारीक बुडबुडे, मग नुसतं स्वच्छ ऑइल. पेडल वर वर येत गेलं, कडक होत गेलं. "आता शेवटचं," किसन म्हणाला. "दाबा. धरून ठेवा." त्याने निपल आवळलं, हात पुसले आणि उठून उभा राहिला.

"एक सांगू?" साहेब आतूनच बोलले. आवाजात हसू होतं, पण ते ओढून आणलेलं. "मघाशी पेडल खाली गेलं ना, तेव्हा वाटलं, हेच ते. असंच गेलं होतं त्या दिवशी, अगदी असंच. शपथेवर सांगतो, पायाला कळलं." ते थांबले. "मन किती हलकट असतं बघ. तू स्वतः तपासून सांगितलंस, तरी पाच महिन्यांनीही ते सुटायची वाट शोधतंय. दोष कुणाच्या तरी डोक्यावर घालता येतो का बघतंय. लाज वाटते मला, स्मिता, खरंच सांगतो."

वहिनींची नजर किसनवर होती. त्या नवऱ्याकडे बघतच नव्हत्या.

नाही साहेब, तुमचा पाय खरं सांगतोय. वाक्य पुरं होतं, ओठांपर्यंत आलेलं होतं. पण ते ऐकल्यावर या माणसाचा चेहरा कसा होईल ते किसनला दिसेना. गाळ्यावरची पाटी गेलेली दिसत होती, बांद्र्याच्या गाड्या परत फिरलेल्या दिसत होत्या. सगळं दिसत होतं, तो एक चेहरा तेवढा दिसत नव्हता.

"किसनभाऊ," वहिनी म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात. "आल्यापासून बघतेय. तुमचा हात खिशातून निघत नाही. काय धरलंय एवढं?"

पाच महिने त्याला याच प्रश्नाची धास्ती होती. रस्त्यात, झोपेत, जेवताना कुणीतरी विचारेल, आणि विचारलं की अंगाचं पाणी होईल… आणि आता विचारलं होतं, तर धास्ती कुठेच नव्हती.   हात खिशातून बाहेर आला. त्याने आणला की आपणहून आला, त्याला कळलं नाही. मूठ अजून मिटलेली होती. आत अंगठ्याखाली ती रेघ.

वहिनी मुठीकडे बघत होत्या. आणि साहेब गाडीतच बसून होते, ब्रेकवर पाय तसाच दाबून धरून, कारण सोडा म्हणायचं किसनकडून राहून गेलं होतं.