चुकून कापलेला निळा ड्रम

मित्रांनो, मी एक निळा ड्रम आहे. जुना म्हणालात तरी मला राग येणार नाही, फक्त बिचारा म्हणू नका. माझ्या अंगावर सध्या बावीस मेंढ्या चरतात, माझ्या मांडीवर एक आजोबा बसतात आणि माझा एक तुकडा माझ्या भावाच्या पोटात राहतो. असं नशीब सगळ्याच ड्रमांना मिळत नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. गरम प्लास्टिकमध्ये जोरात हवा सोडून मला फुग्यासारखं फुगवलं. माझ्या पोटात सर्वांत आधी भरला तो ग्लुकोजचा चिकट पाक. पाक संपला, तसं मला आणि माझ्याच साच्यातल्या दुसऱ्या एका ड्रमला चिकलठाण्याच्या बाजूला जुन्या ड्रमांच्या दुकानात आणून उभं केलं. तिथून बद्रीनाथ नावाच्या माणसानं आम्हा दोघांना रिक्षात आडवं घालून मुकुंदवाडीतल्या आपल्या घरी आणलं. एका साच्यातले, एका रिक्षातले, म्हणून मी त्या दुसऱ्या ड्रमला भाऊच म्हणतो. पहिला महिनाभर मुंग्यांनी आमची पाठ सोडली नाही. रोज रांग लावून यायच्या आणि पाण्याचा वास घेऊन हिरमुसून परत जायच्या.

आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो. तासाभरात जे भरलं, ते आठवडाभर पुरवायचं. त्यामुळं इथं ड्रमाला घरातल्या माणसासारखा मान असतो. बद्रीनाथची बायको रूपाली आम्हाला दर आठवड्याला घासायची, वरून स्वच्छ फडकं बांधायची, मग झाकण. तिची मुलगी प्रेरणा तिला मम्मी म्हणते, म्हणून मीही मम्मीच म्हणतो. शेजारच्या आशाबाईंच्या घरी बारसं असो की हळद, आधी मला बोलावणं यायचं. प्रेरणा पाच वर्षांची असताना लपाछपीत माझ्यात लपली होती. तिला बाहेर काढायला दोन माणसं लागली. मला तर ती बाहेर निघूच नये असं वाटत होतं.

आता प्रेरणा नववीत आहे. शाळेच्या प्रदर्शनात तिनं रद्दी पेपरांच्या नळ्यांचा दिवा केला आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हापासून घरातली कोणतीही वस्तू जिवाला धोका आहे हे ओळखून राहते. बाटल्यांच्या कुंड्या झाल्या, बांगड्यांचं तोरण झालं, पप्पांच्या जुन्या जीन्सच्या पायात आता कंगवे आणि पेनं राहतात. सगळं फुकटात. तिच्या फोनमधल्या एका बाईनं ड्रमाची खुर्ची केलेली तिनं पाहिली, त्या दिवसापासून ती आमच्याकडे तिरक्या नजरेनं बघायला लागली.

पण खुर्ची हवी होती ती हौसेसाठी नाही. ती हवी होती आबांसाठी.

आबा म्हणजे प्रेरणाचे आजोबा, मुंजाबा. देवगाव रंगारी गावाच्या बाजूला सारं आयुष्य मेंढरांमागं चालले. चालून चालून गुडघे गेले, मेंढरं विकली, आजीही गेली. दोन महिन्यांपूर्वी पप्पांनी त्यांना इथं आणलं. आमच्या घरात सगळे खाली बसतात आणि आबांना खाली बसलं की उठता येत नाही. एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिचा पाय सुतळीनं बांधलेला. म्हणून आबा दिवसभर आतल्या पलंगावर बसून भिंतीकडे बघायचे. गावाकडं त्यांच्या दारात दगडी ओटा होता. त्यावर पाय सोडून बसलं की सगळा रस्ता दिसायचा.

"पाडवा झाला की मी जातो गावाकडं," ते रोज म्हणायचे.

"तिथं तुम्हाला भाकर कोण करून घालणार, मामा?" मम्मी विचारायची. ती सासऱ्यांना मामा म्हणते.

"ओटा हाय ना," आबा म्हणायचे.

त्याच सुमारास माझ्या भावाला बुडाजवळ चीर गेली. पायरीवरून ओढताना कोपरा लागला होता. मम्मीनं खूण म्हणून त्याच्या झाकणाच्या कडीला लाल काठाची चिंधी बांधली आणि भंगारवाल्याची वाट बघायला लागली. प्रेरणा म्हणाली, "मम्मी, भंगारात नको, मला दे. आबांना खुर्ची करते. दारात ठेवू, त्यांना रस्ता दिसंल." मम्मीनं थोडा विचार केला आणि व्हय म्हणाली.

तो रविवार होता. नळ सोमवारी येणार, म्हणून सकाळी आम्ही दोघंही रिकामे होतो, घासूनपुसून दारात उभे. आबांनीही हट्टानं काम मागून घेतलं होतं. बादली पालथी घालून तिच्यावर बसून त्यांनी दोन्ही झाकणं धुतली आणि उन्हात वाळवून आमच्या डोक्यावर बसवली. पप्पा कंपनीत पहिल्या पाळीला गेले. मम्मी मुलांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला गेली. मग प्रेरणा आणि तिची मैत्रीण मोनिका खडू आणि करवतीचं पातं घेऊन आल्या.

आणि मित्रांनो, त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

मला वाटलं, रस्ता चुकल्या असतील. मग माझ्या डोक्यावर काहीतरी हललं. लाल चिंधी. आबांनी भावाचं झाकण माझ्या डोक्यावर बसवलं होतं. भावाची चीर भिंतीकडे होती, आणि चिंधी दिसल्यावर चीर कोण बघतं? मी जिवाच्या आकांतानं गप्प होतो. ड्रमाला दुसरं काही जमतच नाही.

झाकण काढून प्रेरणानं माझ्या अंगावर खडूनं गोलाई काढली. खालचा अर्धा भाग तसाच, वरच्या अर्ध्यातली समोरची बाजू कापायची, मागची पाठ टेकायला ठेवायची.

"फोनमधल्या बाईनं मशीननं कापला होता गं," मोनिका म्हणाली.

"आपलं मशीन तूच आहे. नीट धर."

"वाकडं चाललंय तुझं."

"वाकडं नाय, डिझाइन आहे ते."

आतून आबांनी हाक दिली, "पोरी, काय कापाकापी चाललीय?"

"तुमचं सिंहासन, आबा."

"मला कशाला सिंहासन? मेंढरं हसतील."

दीड तास लागला. दुखलं का, असं विचाराल तर दुखलं नाही. पण पोटात वारा शिरला तेव्हा फार उघडं उघडं वाटलं. कापलेला मोठा तुकडा खाली पडला आणि दोघींनी टाळी दिली. तेवढ्यात आशाबाई ओरडत गल्लीत आल्या, "नळ आलेऽ. आजच आले. रूपाली, पाइप लाव."

सोमवारचा नळ रविवारी आला होता. प्रेरणानं पाइप धरला आणि माझ्या भावात सोडला. पाणी वीतभर चढलं आणि तिथंच थांबलं. मग भिंतीखालून एक ओहोळ निघाला आणि उंबऱ्यापर्यंत गेला.

"हा का गळतोय?" प्रेरणा म्हणाली.

मोनिकानं भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "प्रेरणा, मग आपण कोणाला कापलं?"

मम्मी आली तेव्हा तिच्या हाताला कणीक तशीच होती. तिनं एकदा मला पाहिलं, एकदा भावाला.

"आता आठ दिवस काय, व्हिडिओ प्यायचा का?"

"मम्मी, शप्पथ, चिंधी याच्यावरच होती."

"मग चिंधी काय चालत गेली व्हय?"

प्रेरणाचे डोळे भरून आले. तिच्या हातातला पाइप तसाच वाहत होता. तेवढ्यात दाराची चौकट धरून आबा बाहेर आले.

"चालत नाय गेली, रूपाली. म्या नेली. झाकणं म्या बसवली, कोणतं कोणाचं ध्यान राहिलं नाय. पोरीला बोलू नको." मग खाली बघत म्हणाले, "म्हणलो नव्हतो, माझी इथं नुसती अडचण हाय. पाडव्याला कशाला थांबू? उद्याच्या एस.टी.नं जातो."

मम्मीनं पदर खोचला.

"मामा," मम्मी म्हणाली, "रुसायचं असंल तर पाणी गेल्यावर रुसा. तवर ते पातेलं इकडं द्या."

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. बादल्या भरल्या, कुकर भरला, मुरमुऱ्यांचा डबा रिकामा करून भरला, कूलरची टाकी भरली. आबा दारात उभे राहून एकेक भांडं पुढं देत होते. तरी पाणी वाहतच होतं आणि भांडी संपली होती. तेव्हा प्रेरणा नाक पुसत माझ्याजवळ आली. "मम्मी, याचा खालचा अर्धा भाग तर चांगला आहे." तिनं पाइप माझ्यात सोडला. पाणी चढत चढत कापलेल्या कडेपर्यंत आलं. मी अर्धा उरलो होतो, पण जेवढा उरलो होतो तेवढा काठोकाठ भरलो.

संध्याकाळी आबांनी आपलं पिवळं फडकं पसरून कपड्यांचं गाठोडं बांधलं. मम्मीनं ते पाहिलं. माझ्यावर ताट झाकत ती म्हणाली, "मामा, हे पाणी कशात भरलंय, ठावं हाय का? तुमच्या खुर्चीत. हिच्यातलं पाणी सरंस्तवर तरी थांबा. पोरीनं तुमच्यापायी चांगला ड्रम कापला. तुम्ही बसायच्या आधीच गेलात तर मी ओरडू कोणावर?"

आबांनी गाठोडं पलंगाखाली सरकवलं. "आठ दिवस," म्हणाले.

"आठच," मम्मी म्हणाली.

बुधवारी गल्लीत टब आणि टाक्या जोडणारे चाचा आले. सायकलीवर छोटी शेगडी आणि लोखंडी सळया. भावाची चीर पाहून त्यांनी मान हलवली. "दूसरा प्लास्टिक लगाया तो निकल जाता, बेटा. इसके सरीकाच होना."

याच्याच जातीचं प्लास्टिक हवं म्हटल्यावर प्रेरणा पळत आत गेली आणि माझा कापलेला तुकडा घेऊन आली.

"ये कां से लाई?"

"त्याच्या भावाचा आहे, चाचा."

चाचा हसले. माझ्या तुकड्यातून एक पट्टी कापली, तापलेल्या सळईनं भावाच्या चिरेवर वितळवून बसवली. जळका वास सुटला. मला तर तो वास आमच्या जन्माच्या दिवसासारखा वाटला.

आबा दारात चौकटीला टेकून हे सगळं बघत होते. मग त्यांनी विचारलं, "बसायला काय टाकणार हाय ह्याच्यावर?"

"फोमची उशी. पण फोम लई महाग आहे, आबा."

"उशी कशाला लागती? बाज कशी इणतात, म्हाईत हाय का तुला? तुझ्या आईची फाटकी लुगडी आण."

त्या दिवसापासून आबा भिंतीकडे बघायचं विसरले. साड्यांच्या पट्ट्या फाडायच्या, लोकर कातायच्या जुन्या टकळीवर त्यांना पीळ द्यायचा. प्रेरणा मला रंग देत होती. दाराचा उरलेला पांढरा रंग तिनं थेट फासला आणि दुसऱ्या दिवशी तो सापाच्या कातीसारखा सोलून निघाला. तेव्हा तिला कळलं, प्लास्टिकला आधी काचपेपरनं खरखरीत करावं लागतं. मग अंगठ्याचे ठसे उठवून तिनं माझ्या पाठीवर मेंढ्या काढल्या.

"ही आजारी दिसती," आबा म्हणाले. "आन् मेंढराला एवढं शेपूट नसतं."

"आबा, हे डिझाइन आहे."

"मेंढराला नको सांगू डिझाइन."

पुढच्या नळाला माझा भाऊ गळ्यापर्यंत भरला. सगळे गुडघ्यावर वाकून त्या पट्टीकडे बघत होते, आबा तेवढे उभ्यानं. एक थेंबही आला नाही. मग माझ्यातलं उरलेलं पाणी तुळशीला आणि बाटल्यांच्या कुंड्यांना गेलं. प्रेरणानं फुटक्या पाइपाला उभी चीर देऊन तो माझ्या धारदार कडेवर बसवला, म्हणजे कोणाला कापायला नको. पप्पांनी कडेखाली सळईनं भोकं पाडली. आबा विणायला बसले, पलंगावर पाय सोडून, मला समोर घेऊन. पहिली वीण सैल पडली, ती त्यांनी स्वतःच उसवली. दुसरी घट्ट बसली. पण शेवटी वीतभर जागा उरली आणि पट्ट्या संपल्या.

"अजून एक साडी देऊ का, मामा?" मम्मीनं विचारलं.

"नको." आबांनी पलंगाखालून गाठोडं ओढलं. गाठ सोडली, कपडे बाजूला ठेवले आणि ते पिवळं फडकं टर्रकन फाडलं. त्याला पीळ देऊन त्यांनी शेवटची रांग भरली.

मला दारात ठेवलं. आबा सावकाश बसले, हात ठेवले, मागं टेकले. प्रेरणा श्वास रोखून उभी होती.

"पाठ टेकती," आबा म्हणाले. तेवढंच.

पाडवा कधीच होऊन गेला. आशाबाईंनी आपल्या मोडक्या खुर्चीचा सांगाडा आणि दोन साड्या आणून दिल्या, आता गल्लीतले आणखी तिघं रांगेत आहेत. आबा विणतात, प्रेरणा रंगवते आणि दोघं मेंढरांच्या शेपटांवरून भांडतात.

मित्रांनो, मला तुमच्याकडून एवढंच हवं आहे. घरातली वस्तू टाकून देण्याआधी दोनदा बघा आणि कापण्याआधी तीनदा, चिंधीकडे नाही, चिरेकडे. आणि घरात कोणी भिंतीकडे तोंड करून बसलं असेल, तर त्यांना खुर्ची द्याच, पण सोबत थोडं कामही द्या.

आता गल्लीत नळ आल्याची पहिली बातमी आशाबाई देत नाहीत. दारात बसून सगळा रस्ता दिसतो ना. आठव्या दिवशी माझ्या मांडीवरून आबा रानात मेंढरांना घालायचे तशी लांब हाक घालतात, "नळ आलेऽ," आणि शेजारी माझा भाऊ भरायला लागतो. त्याच्या पोटातली माझी पट्टी ओली होते. तेव्हा मला पुन्हा भरल्यासारखं वाटतं.