थांबणारा ट्रक

"नाव तर मी घेतलंच नाही ना काका," धर्मेंद्र फोनवर म्हणाला. "हॅलोविनचा आठवडा आहे. या दिवसांत लोक भुताच्या गोष्टी आयकतेच."

"नाव नाही घेतलं. पण नर्सचा पांढरा ड्रेस, हातात हेल्मेट, लाखनी-साकोलीचा रस्ता. अजून काय घ्याचं राहिलं?" भैय्यालाल म्हणाले. घरात ऐकू जाऊ नये म्हणून ते अंगणात येऊन बोलत होते.

तुमसरचा हा पोरगा मोबाइलवर पॉडकास्ट चालवायचा. भुताखेताच्या आणि खुनाच्या गोष्टी. परवा भाचीने त्यातला एक भाग ऐकवला, तेव्हा सुरुवातीलाच भैय्यालालना कळलं, ही आपली मुलगी प्रतीक्षा आहे. पुढचं त्यांच्याने ऐकवेना. गेल्या वर्षी लाखनीच्या दवाखान्यातून स्कूटीने घरी येताना तिला मागून कुणीतरी उडवलं आणि निघून गेलं.



"सॉरी काका," धर्मेंद्र म्हणाला. "मले वाटलं, घरचे कोण आयकते. काढतो. आत्ताच काढतो."

तो इतक्या लवकर मानेल, असं भैय्यालालना वाटलं नव्हतं. साकोलीच्या बसस्थानकावर माइकवर गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. पण खिडकीशी येऊन कुणी भांडलं तर त्यांना शब्द सुचत नसत. आज सुचले. विहारात पोरं जमवून भूत नसतं हे ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. आपल्याच पोरीला लोकांनी भूत केलेलं त्यांना सोसवेना.

ते घरात आले. विमलाबाई सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. एका कानात इअरफोन होता.

"अजी, पाहा ना जरा. हे काहून लागून नाही राहिलं? सकाळी त लागलं होतं."

भैय्यालालनी फोन हातात घेतला. पडद्यावर त्याच गोष्टीचं नाव होतं, आणि खाली ती आता उपलब्ध नसल्याची ओळ.

"तू हे आयकत होती?"

"रोजच."

"मी काढाले लावलं ते. आताच. आपली पोरगी काय भूत आहे, विमल?"

"भूत नाही राहत, मले काय मालूम नाही? एवढी वर्षं तुमच्याच घरी काढली ना."

"मग कायले आयकत होती?"

त्यांनी इअरफोन काढून मांडीवर ठेवला. "तुम्ही पूर्ण आयकलं का?"

"नाही."

"त्याच्यात ती हात दाखवून उभी राहते. अन् एक ट्रकवाला थांबते." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "थांबते जी. खाली उतरते. कुठं जाचं आहे बाई, म्हणते. पाणी पाजते. बाजूले बसवून साकोलीले आणते."

भैय्यालाल खाटेवर बसले. अपघाताच्या त्या संध्याकाळी रस्ता गाड्यांनी भरलेला होता. गाड्या हळू व्हायच्या, पडलेल्या प्रतीक्षाला वळसा घालून पुढे जायच्या. बऱ्याच वेळाने दुधाचे कॅन घेऊन येणारा एक माणूस थांबला. ती पाणी मागत होती, हे त्यानेच नंतर सांगितलं. दवाखान्यापर्यंत ती पोचली नाही.

"पुढचं मी नव्हती आयकत," विमलाबाई म्हणाल्या. "ती बसस्टँडजवळ गायब होते, ट्रकवाला घाबरते, ते. तिथंच बंद करून परत पहिल्यापासून लावत होती."

भैय्यालालनी पुन्हा फोन लावला.

"पूर्णच डिलीट केलं काका," धर्मेंद्र म्हणाला. "तुम्हाले वाईट वाटलं म्हणून. माझ्याजवळ बी नाही ठेवलं."

विमलाबाईंनी सूप पुढे ओढलं आणि खडे वेचू लागल्या. मग भैय्यालाल माइक सुरू करण्यापूर्वी खाकरायचे, तसे खाकरले.

"लाखनीच्या पुढं," ते म्हणाले, "एक पोरगी रस्त्याच्या कडेले उभी होती."

सुपातले हात थांबले.

"तिनं हात दाखवला. तिकडून एक ट्रक येऊन राहिला होता."

"थांबला?"

"थांबला," भैय्यालाल म्हणाले. आणि ट्रक पूर्ण थांबेपर्यंत ते पुढचं वाक्य बोलले नाहीत.